गोळी किती पाण्यात?

शिकारीच्या गोळीची परीक्षा घ्यायची जगातली सर्वांत स्वस्त पद्धत अशी. दुधाचे किंवा तेलाचे पातळ प्लास्टिकचे रिकामे कॅन जमवायचे, नळाच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरायचे, झाकणं लावायची आणि एकाला एक खेटून फळीवर ओळीने मांडायचे. मग पंचवीस-पन्नास पावलांवरून पहिल्या कॅनच्या पोटात गोळी झाडायची. अमेरिकेतल्या मोकळ्या रानात सुट्टीच्या दिवशी एरवी शहाणी असलेली माणसं हा उद्योग करतात आणि नंतर चिखलात उकिडवी बसून हिशेब मांडतात: किती कॅन फुटले, गोळी कितव्या कॅनमध्ये सापडली, तिचं तोंड किती फुललं, आणि मूळ वजनापैकी किती वजन अंगावर राहिलं. हाच प्रयोग अंधेरी ते बोरिवली किंवा घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात करायचा म्हटला, तर निम्मी तयारी झालेलीच आहे. पाणी कशाकशात भरून ठेवता येतं या शास्त्रात आपल्या उपनगरांचा हात धरणारं कोणी नाही. कमतरता आहे ती फक्त बंदुकीची, ती झाडण्याच्या जागेची, सावजाची आणि परवानगीची. सावज अगदीच नाही असंही नव्हे. नॅशनल पार्कातले बिबटे मुलुंडच्या सोसायट्यांच्या सीसीटीव्हीत अधूनमधून दर्शन देऊन जातात. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना जेवढं अभय दिलं आहे, तेवढं भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या भाडेकरूलाही दिलेलं नाही.

असं असूनही या पाण्याच्या परीक्षेचा उपनगरी माणसाने नीट विचार करावा, असं मला वाटतं. शिकारीसाठी नव्हे. आपल्याकडे ज्याला ‘टेस्टिंग’ म्हणतात त्याचा मोठा भाग आरती ओवाळण्यासारखा असतो. वस्तू कशीही असो, ओवाळून झाली की ती शुभ. कॅनची ही ओळ मात्र खरोखरच परीक्षा आहे, कारण तिच्यात नापास होता येतं. तिचा निकाल कसा वाचायचा याचंही एक शहाणपण आहे आणि ते बंदूकवाल्यांनाही सहसा जमत नाही. तिथवर जाण्याआधी गोळीने मुळात फुलायचं कशाला, हे पाहू.

टोकदार, कडक, तांब्या-पितळेचं संपूर्ण चिलखत घातलेली गोळी अंगात शिरते आणि बऱ्याचदा जशी शिरली तशीच पलीकडून निघून जाते. ज्याच्या अंगातून ती गेली तो पुढे बराच वेळ आपलं काम चालू ठेवू शकतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांच्या फौजेला सरहद्दीवर हाच अनुभव आला. १८९५च्या चित्रालच्या मोहिमेनंतर तक्रार अशी होती की नवी पॉइंट ३०३ची गोळी लागूनही समोरचा पठाण थांबत नाही. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडमच्या दारूगोळा कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने गोळीच्या नाकावरचं चिलखत थोडं कमी करून आतलं शिसं उघडं ठेवलं. हे मऊ नाक अंगात शिरलं की पसरतं, गोळी जाड होते आणि आपली सगळी ताकद आतच उधळते. ‘डमडम गोळी’ जगभर कुप्रसिद्ध झाली आणि १८९९ साली हेगच्या परिषदेत युद्धात अशी गोळी वापरायची नाही असा जाहीरनामा निघाला. इंग्लंडने त्यावर मान डोलवायला १९०७ उजाडलं. आता गंमत पाहा. त्याच इंग्लंडमध्ये हरणावर गोळी झाडायची तर ती मऊ किंवा पोकळ नाकाचीच हवी, असं तिथला हरणांबद्दलचा कायदा सांगतो. म्हणजे जी गोळी शत्रूला घालणं अमानुष, तीच हरणाला घालणं सक्तीचं. वरवर हे वेडगळ दिसतं, पण त्यात तर्क आहे. सैनिक जखमी होऊन बाजूला झाला तरी लढाईचं काम भागतं. हरीण जखमी होऊन जंगलात पळालं तर ते दोन दिवस तडफडून मरतं आणि शिकाऱ्याच्याही हाती लागत नाही. शिकार करायचीच असेल तर जनावर जागच्या जागी पडलं पाहिजे, एवढाच त्या सक्तीचा अर्थ.

म्हणून शिकारीच्या गोळीकडून दोन मागण्या असतात आणि त्या एकमेकींच्या सवती आहेत. एक, तिने फुलावं. दोन, तिने खोलवर घुसावं. ७.६२ मिलिमीटरची गोळी फुलून दुप्पट रुंद झाली की तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं, तेवढ्याच पटीत अडवणूक वाढते आणि ती लवकर थांबते. फार फुलली तर कातडीखालीच तिचं लग्न लागतं आणि काळजापर्यंत वरात पोचतच नाही. जॉन नोस्लर नावाच्या अमेरिकन गृहस्थांना १९४६ साली कॅनडात चिखलाने माखलेल्या मूसवर, म्हणजे तिकडच्या अवाढव्य सांबरावर, गोळ्या झाडताना हेच दिसलं. गोळ्या वरच्यावरच फुटत होत्या आणि मूस उभा. त्यांनी घरी येऊन गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा भाग फुलू दे, मागचा भाग घुसू दे, अशी ती वाटणी होती. दोन भावांच्या भांडणात मध्ये भिंत घालून प्रश्न सोडवायची ही पद्धत आपल्या चाळींत जुनीच आहे. फक्त आपण तिचं पेटंट घेतलं नाही.

फुलणं आणि घुसणं हे दोन्ही एकाच झटक्यात मोजायचं तर पाण्यासारखं दुसरं काही नाही. पहिल्या कॅनमध्ये काय घडतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. शिकारीच्या एका मध्यम रायफलीतून सुटलेली गोळी दीडशे ग्रेनची असते. ग्रेन म्हणजे जवळजवळ अर्धी गुंज; गोळीचं वजन पावणेदहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तोळ्याला थोडं कमी. तिचा वेग सेकंदाला ८५० मीटर धरला तर तिच्यात साडेतीन हजार ज्यूल ऊर्जा असते. हा आकडा ऐकायला भीतिदायक आहे, म्हणून उपनगरी मापात सांगतो. लिफ्ट बंद असताना जारवाला वीस लिटरचा एक जार खांद्यावर घेऊन सहाव्या मजल्यावर चढवतो, तेव्हा त्या जारवर तो बरोबर एवढंच काम करतो. फरक इतकाच की जारवाल्याला पाच मिनिटं लागतात, वर दम लागतो आणि दार उघडणारे ‘आज उशीर झाला’ म्हणतात; गोळी तेच काम सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पाण्यावर ओतून मोकळी होते. पाणी दाबलं जात नाही आणि बाजूला सरायला त्याला वेळ मिळत नाही. त्या क्षणी गोळीच्या नाकावर हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पट दाब येतो. शिसं त्यापुढे लोण्यासारखं हटतं, तांब्याचं चिलखत उभं चिरत जातं आणि त्याच्या पाकळ्या मागे वळतात. कॅनचं झाकण उडतं, शिवण उसवते, पाणी कारंज्यासारखं वर जातं. दुसरा कॅनही जोरात फुटतो, तिसऱ्याला नुसतं भगदाड पडतं, चौथ्यात किंवा पाचव्यात तळाशी एक चिमुकली, गरम, तांबूस अळंबी पडलेली असते. तिकडचा दुधाचा कॅन साधारण १५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे पाण्यातून तिने साठ-सत्तर सेंटिमीटरची वाट कापली. तिचं देठ मूळ गोळीचं, छत्री नवी. पाकळ्या मोजायच्या, रुंदी मोजायची, सोनाराच्या काट्यावर ठेवायची. दीडशे ग्रेनपैकी एकशे तीस राहिले तर गोळी घट्ट. साठ राहिले तर बाकीची वाटेतल्या कॅनांमध्ये भुगा होऊन पडली आहे.

पाणी आणखी एक गोष्ट दाखवतं, जी बुद्धीला चटकन पटत नाही. वेगवान गोळी पाण्यात जास्त खोल जायला हवी असं कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलट होतं. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर विरोध चौपट. अमेरिकेतल्या ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमात २००५ साली पोहण्याच्या तलावात गोळ्या झाडून हे तपासलं होतं. रायफलीच्या सुसाट गोळ्या, अगदी पॉइंट ५०च्या राक्षसी गोळीसकट, तीन फुटांच्या आत तुकडे होऊन थांबल्या; पिस्तुलाच्या संथ गोळ्या मात्र आठ फुटांपर्यंत घातक राहिल्या. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रोज ये-जा करणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. पण गोळीच्या खोक्यावर वेगाचा आकडा मोठ्या टायपात छापणाऱ्या कारखान्यांना हा निकाल अडचणीचा आहे. खोक्यावरचं वाचून जे कळत नाही ते पाच कॅनांत कळतं.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की जनावर म्हणजे पाण्याचा कॅन नव्हे. त्याला कातडी आहे, केस आहेत, बरगड्या आहेत, आणि ते फळीवर ओळीत उभं राहत नाही. हे सगळं खरं आहे. स्नायूंमध्ये तीन चतुर्थांश पाणी असतं आणि स्नायूंची घनता पाण्याहून किंचितच जास्त असते, हा मुद्दा पाण्याच्या बाजूने सांगितला जातो, पण तेवढ्याने कॅनचं सांबर होत नाही. पाण्याला चिवटपणा नाही. म्हणून गोळी संथ झाल्यावरही ती पाण्यात पुढे सरकत राहते, मांसात तशी सरकत नाही. कॅनमधली खोली जनावरातल्या खोलीपेक्षा बरीच जास्त भरते. उलट फुलण्याच्या बाबतीत पाण्याइतकं उदार कोणीच नाही. ते सगळीकडून सारखं दाबतं, पोकळ नाकात सरळ शिरतं, तिथे कापडाचा किंवा केसांचा बोळा बसत नाही. म्हणजे पाणी दोन्ही विषयांत सढळ हाताने गुण देणारा परीक्षक आहे. आक्षेप घेणारे इथे थांबतात आणि म्हणतात, मग ही परीक्षा कसली? माझं म्हणणं नेमकं इथून सुरू होतं. परीक्षक सढळ आहे हे एकदा कळलं की त्याच्या निकालाचा एक भाग सोन्यासारखा होतो. जी गोळी पाण्यातही फुलली नाही ती कुठेच फुलणार नाही. जी दुसऱ्याच कॅनमध्ये भुगा झाली ती रानडुकराच्या खांद्यात काय दिवे लावणार? पाण्याने नापास केलं की तो निकाल कायम, त्यावर अपील नाही. आणि पास केलं तर त्याचा अर्थ एवढाच, की उमेदवार मुलाखतीला बोलावण्याजोगा आहे. अर्धे शिकारी पासाला अखेरचा निकाल समजून फुशारक्या मारतात आणि उरलेले अर्धे त्या फुशारक्यांना वैतागून नापासालाही किंमत देत नाहीत. दोघेही गुणपत्रिका उलटी धरून वाचतात.

शिवाय पाण्याचा एक गुण असा की ते दर वेळी तेच असतं. विहार तलावाचं असो की भांडुपच्या केंद्रातून शुद्ध होऊन आलेलं वैतरणेचं, त्याची घनता सोसायटीनुसार बदलत नाही. दोन गोळ्यांची तुलना करायची तर समोरचं माध्यम खऱ्यासारखं असण्यापेक्षा दोघींना सारखं असणं जास्त महत्त्वाचं. खऱ्यासारखं माध्यम वापरण्याचा अट्टहास केला की काय होतं, तेही इतिहासात आहे. १९०४ साली अमेरिकी लष्कराच्या थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी पिस्तुलाच्या गोळ्यांची परीक्षा शिकागोच्या कत्तलखान्यातल्या जिवंत गुराढोरांवर आणि माणसांच्या प्रेतांवर घेतली. एवढं खरं माध्यम दुसरं कोणतं? पण एक बैल दुसऱ्या बैलासारखा नसतो, एक गोळी बरगडीला लागते, एक बरगडीच्या मधून जाते, आणि शेवटी जो निष्कर्ष निघाला तो बराचसा परीक्षकांच्या मताचा होता. त्यांनी पॉइंट ४५ची शिफारस केली आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. कॅनच्या वाट्याला निदान ती वेदना नाही.

दुसरा आक्षेप शास्त्रवाल्यांचा. ते म्हणतात, पाणी हे हौशी लोकांचं खेळणं. खरी परीक्षा जिलेटिनची. १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरमन लष्करी संशोधन संस्थेत डॉ. मार्टिन फॅकलर यांनी दहा टक्के जिलेटिनचा ठोकळा चार अंश सेल्सियसला थंड करून वापरायची पद्धत रुजवली, आणि १९८६ साली मायामीत झालेल्या चकमकीत दोन अधिकारी गमावल्यावर एफबीआयने तिच्यावरच आपली कसोटी बेतली: गोळी जिलेटिनमध्ये किमान १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच गेली पाहिजे. ठोकळा बरोबर झाला की नाही हे पाहायला त्यात आधी एक पोलादी छर्रा सेकंदाला १८० मीटरच्या वेगाने मारतात आणि तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो का ते बघतात. पद्धत उत्तमच आहे, वाद नाही. फक्त ती आपल्याकडे आणून पाहा. मे महिन्यात चार अंशांचा ठोकळा बोरिवलीहून टेम्पोत घालून निघालात तर गोरेगावच्या उड्डाणपुलावर त्याची जेली होईल आणि अंधेरीला सूप. त्यात जिलेटिन येतं जनावरांच्या हाडांतून आणि कातड्यांतून. त्याचा अर्ध्या मणाचा ठोकळा घाटकोपर पूर्वेच्या एखाद्या शुद्ध शाकाहारी सोसायटीच्या लिफ्टमधून वर न्यायचा म्हटलं तर गोळी झाडण्याआधीच धारातीर्थी पडायची वेळ येईल. आणि मुळात जिलेटिनलाही बरगड्या नसतात. तेही पाण्याचंच भावंड आहे. ठोकळ्यात दहा भाग जिलेटिन आणि नव्वद भाग पाणीच असतं. फक्त ते अधिक शिकलेलं आणि सांभाळायला महाग. पाणी चाळणीचं काम करतं, जिलेटिन निवडीचं. चाळणीने तांदूळ शिजत नाहीत म्हणून कोणी ती फेकून देत नाही.

आता पाण्याची परीक्षा नसली तर तिची जागा कोण घेतं तेही बघायला हवं. तिची जागा गोष्ट घेते. भांडुप-मुलुंडच्या चाकरमान्यांच्या घरात गावाकडच्या ठासणीच्या बंदुकीची गोष्ट असतेच. कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी अशा बंदुकांचे परवाने पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहेत. नळीत दारू ओतायची, वर बोळा ठासायचा, मग छरे किंवा शिशाचा गोळा, निपलवर केप बसवायची आणि बार काढायचा. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, निवडणूक संपली की परत. डुक्कर मारायचं तर वन खात्याची परवानगी. हे झालं कागदावरचं. गोष्टीत मात्र आजोबांचा गोळा डुकराच्या एका खांद्यातून शिरून दुसऱ्या खांद्यातून निघतो आणि मागच्या फणसात रुततो. पुढच्या गणपतीला तोच गोळा फणसाच्याही पार जातो. त्याच्या पुढच्या शिमग्याला मागे दुसरं डुक्कर उभं असतं. गोष्टीतली गोळी काळाबरोबर खोल जात राहते, कारण तिला अडवणारं काही नाही. कॅनची ओळ या बाबतीत रूक्ष आणि अरसिक आहे. गोळी चौथ्या कॅनमध्ये थांबली, बस्स. पुढच्या गणपतीपर्यंत ती पाचव्यात जात नाही.

गोष्टीची थट्टा करणं सोपं आहे. पण पाणी भरलेल्या बाटल्यांचा एक प्रयोग आपल्या उपनगरांतही राजरोस चालू आहे आणि त्याला गोष्टीइतकाही आधार नाही. सोसायटीच्या फाटकापाशी, पार्किंगमधल्या गाडीच्या चाकाजवळ, तळमजल्याच्या जिन्यावर निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या कोणी पाहिल्या नाहीत? रिकामी लिटरची बाटली, नळाचं पाणी, त्यात नीळ. कुठे कुठे लाल, तिथे कुंकू. निळं पाणी पाहून भटकी कुत्री फिरकत नाहीत, असा सिद्धान्त आहे. आता या प्रयोगाची रचना नीट पाहा. कुत्रं आलं नाही तर बाटलीमुळे आलं नाही. आलं आणि बाटलीला टेकून झोपलं, तर पाणी शिळं झालं असेल, नीळ कमी पडली असेल. आलं आणि त्या बाटलीवरच पाय वर केला, तर एक बाटली पुरेशी नाही. उद्यापासून चार ठेवा. म्हणजे काहीही घडलं तरी बाटली पास. नापास व्हायची सोयच ठेवलेली नाही, म्हणून पास होण्यालाही काही किंमत नाही. गोळी झाडणाऱ्या अमेरिकन गृहस्थाच्या कॅनमध्ये आणि आपल्या बाटलीमध्ये पाणी तेच आहे, प्लास्टिकही जवळजवळ तेच. पण तो प्रयोग बिघडू शकतो आणि हा बिघडू शकत नाही. सिद्धान्त खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. तो खोटा ठरेल अशी एकही शक्यता सोसायटीने शिल्लक ठेवलेली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. एका फाटकाला बाटल्या आणि दुसऱ्याला नाहीत, असं महिनाभर करून वॉचमनला कुत्री मोजायला सांगितलं तर प्रश्न निकालात निघेल. पण मग सभेत बोलायचं कशावर?

तिसरा आक्षेप कायद्याचा. शिकारीला बंदी, शस्त्राला परवाना, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर तर लग्नाच्या वरातीत आनंदाने बार काढला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. अशा राज्यात या विद्येचं काय काम? महाराष्ट्राने नेमबाजीत नाव काढलं तेही कागदाला भोकं पाडून. कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत त्याने कांस्यपदक मिळवलं. कागदाला अचूक भोक पाडण्यात मध्य रेल्वेचा टीसी जगात तिसरा येणार, यात तसं आश्चर्य नाही. पण कागदाला गोळी फुलली की नाही ते कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. आक्षेप रास्त आहे. उत्तर त्याच उपनगरात आहे. सांताक्रूझ पूर्वेला, कलिन्यात, विद्यापीठाच्या शेजारी राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. गुन्ह्यात सापडलेली पिस्तुलं आणि गावठी कट्टे अशाच प्रयोगशाळांत तपासले जातात. संशयित हत्यारातून एक गोळी मुद्दाम झाडायची, ती पकडायची, आणि मृताच्या अंगातून निघालेल्या गोळीशेजारी तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून नळीच्या आट्यांनी दोघींवर पाडलेले ओरखडे जुळतात का ते पाहायचं. इथे अडचण उलटी असते. गोळी फुलता कामा नये, चेपता कामा नये, तिच्या अंगावर नव्या जखमा होता कामा नयेत. भिंतीवर झाडली तर पुरावा गेला. म्हणून ती कापसाच्या पेटीत झाडतात किंवा पाण्याच्या लांब टाकीत. चिलखती गोळी पाण्यात हळूहळू दमते आणि तळाशी अंगावर एकही नवा ओरखडा न घेता बसते. तेच पाणी. शिकाऱ्याला ते गोळीचं पोट फाडून दाखवतं आणि न्यायालयाला तिची जन्मखूण जशीच्या तशी परत देतं. प्रश्न काय विचारला आहे ते पाण्याला माहीत नसतं. ते प्रयोग मांडणाऱ्याला माहीत असावं लागतं.

शेवटचा आक्षेप, जो मुंबईत पहिला यायला हवा होता: पाण्याची नासाडी. २०२४च्या जूनमध्ये महापालिकेने दहा टक्के कपात लावली होती तेव्हा कोणी ओळीने कॅन भरून त्यांवर गोळ्या झाडल्या असत्या, तर त्याच्यावर शस्त्र कायदा लागायच्या आत शेजाऱ्यांनीच निकाल लावला असता. पण हिशेब केला तर दहा कॅन म्हणजे अडतीस लिटर पाणी, जुन्या पद्धतीच्या फ्लशच्या टाक्या तीन-चार वेळा ओढाव्यात एवढं. त्याहून कितीतरी जास्त पाणी आपण एका परीक्षेवर आनंदाने खर्च करतो, निदान करायला हवं. बाथरूमच्या किंवा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगनंतर पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहायचं, या पाँडिंग टेस्टबद्दल मी बोलतो आहे. तिचाही निकाल कॅनच्या ओळीसारखाच वाचायचा असतो. गळलं तर काम नापास. त्यावर कंत्राटदाराने ‘बिल्डिंग नवीन आहे, सेट होतेय’ असलं काही सांगितलं तर ऐकायचं नाही. नाही गळलं तर फक्त तूर्तास पास, कारण जुलैतला तिरपा पाऊस या परीक्षेला बसलेलाच नाही. आणि तरी कित्येक सोसायट्यांत ही परीक्षा म्हणजे मिस्त्रीने बादलीभर पाणी ओतून, ते जाळीतून वाहून जाताना पाहून, ‘बघा, एकदम ओके’ म्हणणं, एवढीच असते. तेव्हा पावसाळ्यापूर्वी गच्चीचं काम काढणाऱ्या कमिटीच्या मंडळींना विनंती, की शेवटचा हप्ता देण्याआधी जाळ्या बंद करा, पाणी भरा, पुरे अठ्ठेचाळीस तास ठेवा, आणि गळतंय का हे कंत्राटदाराला नव्हे, सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला विचारा.